मिटल्या डोळ्यांचं मंडळ

धाकटा कपाटात बसून जगाची गुपितं फोडायचा.

कपाट म्हणजे खरोखरचं कपाट. आतल्या खोलीत, भिंतीत बसवलेलं, दोन दारांचं. आत घरातले सगळे कोट, दोन जाड रजया आणि एक कधीच न वापरलेली ताडपत्री. रजया प्रतिध्वनी गिळायच्या, कोट रस्त्यावरचे हॉर्न गिळायचे, आणि ताडपत्री काहीच करत नसे, पण ती दुसरीकडे कुठे मावत नव्हती. मधे स्टूल, स्टुलावर धाकटा, मांडीवर लॅपटॉप, नाकासमोर माइक. ऑफिसचं काम आहे, शांतता लागते, असं त्याने घरी सांगून ठेवलं होतं. त्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "खुर्ची देत नाहीत का ते लोक?"

त्याचा मूळ आवाज बारीक. वय एकोणतीस, पण फोनवर हॅलो म्हटलं की पलीकडचा विचारायचा, "घरात मोठं कोणी आहे का?" लॅपटॉपमधल्या यंत्रातून गाळला की मात्र तोच आवाज हजार वर्षं विहिरीत ठेवून आत्ताच वर काढल्यासारखा यायचा. चॅनेल चालायचं ते या आवाजावर. विषय एकच: प्राचीन गुप्त मंडळं आणि त्यांनी दडवलेलं ज्ञान. कोणी दडवलं? मंडळाने. का? जगाची तयारी नव्हती म्हणून. मग आत्ता का सांगताय? जगाची तयारी अजूनही नाही, पण चॅनेलला दर आठवड्याला नवा व्हिडिओ लागतो.

लिहिणारा संशोधक. हा त्याचा शाळासोबती, चॅनेलही त्याचंच. दिवसा तो गाद्यांच्या दुकानात नोकरीला होता. गादी किती आरामशीर आहे ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून तिच्यावर पडून राहायचं, हे त्याचं काम. असं सतत पडून राहिलं की माणसाला सुचत जातं. अडचण एवढीच, की व्हिडिओ ठरावीक लांबीचा झाला तरच त्यात दुसरी जाहिरात बसायची, आणि संशोधकाचं ज्ञान त्या लांबीच्या जरासं अलीकडे संपायचं. उरलेली जागा धाकट्याने मनाने भरायची. याला ते दोघे भराव म्हणत.

भरावाची धाकट्याची रीत ठरलेली होती. कपाटाचं दार बोटभर उघडायचं. हवा येते, आणि फटीतून समोरचं दिसतं. जे दिसेल ते प्राचीन करून सांगायचं.

फटीतून दिसायची बाहेरच्या खोलीतली खिडकी, आणि खिडकीशी बाबा. बाबांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. धाकटा खर्जात सांगायचा, "त्या मंडळाचा ज्येष्ठ नेहमी लंगड्या आसनावर बसे. कारण जो स्थिर बसला, तो झोपला." बाबा चहा समोर ठेवून विसरून जायचे. "ज्येष्ठ आपलं पेय निवू देई. घाई ही अज्ञानाची पहिली खूण." आई खिडकी उघडायची, बाबा लावायचे, आई पुन्हा उघडायची. "मंडळात कालांतराने दोन पंथ पडले. एक वारा आत घेणाऱ्यांचा." मंडळाला नाव हवं होतं म्हणून त्याने स्वतःच दिलं, मिटल्या डोळ्यांचं मंडळ, कारण त्या क्षणी बाबांना डुलकी लागली होती. एकूण काय, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा धंदा होता.

बाबा हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात त्यांनी न सांगता दुकानांत शिरून, पिशवीतली शिक्क्याची वजनं काढून, दुकानदाराचा काटा तपासण्यात घालवली होती. माणूस कोणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. बागेत सीसॉवर पोरं खेळताना दिसली तरी थांबून दांडी बघायचे. अशा माणसाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, आणि तो झालाय यावरही त्यांनी विश्वास ठेवला नाही. दोन वर्षं ते बल्ब बदलत राहिले.

शेवटी एकदा त्यांनी जिन्यात टांगलेल्या शेजाऱ्यांच्या ओव्हरकोटाला नमस्कार करून प्रकृती विचारली, तेव्हा आई आणि धाकटा त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा मारून पाहिलं आणि धाकट्याला बाजूला घेतलं.

"पार पिकलाय. याच महिन्यात काढून टाका. आणखी थांबलात तर आतला दाब वाढेल, आणि मग मी ऑपरेशन करीन, पण नजर परत येईल असं सांगणार नाही. डावाही मागोमाग आहेच."

"एवढंच ना," धाकटा म्हणाला. "करून टाकू."

घरी येऊन बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी ऑपरेशन करणार नाही."

"का?"

"कारण आहे."

"अहो, काय कारण आहे?" आईने विचारलं.

"सांगता येण्यासारखं नाही." मग धाकट्याकडे बघून, म्हणजे त्याच्या थोडं डावीकडे बघून, ते म्हणाले, "तू आत ये. दार लाव."

आत गेल्यावर बाबांनी खिशातून फोन काढला. बोटाने चाचपत त्यांनी काहीतरी सुरू केलं, आणि खोलीभर धाकट्याचा आवाज पसरला. विहिरीतला.

"त्या मंडळात ज्येष्ठाच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला, की कोणी वैद्याला बोलावत नसे. एक पांढऱ्या बुचाची कुपी त्याच्या उशाशी असे, पण ती कोणी उघडत नसे. कारण बाहेरचा दिवा मंद होतो, तेव्हाच आतला लागतो."

 धाकट्याला तो दिवस लख्ख आठवला. संशोधकाचं ज्ञान त्या दिवशी फारच लवकर संपलं होतं, आणि फटीतून समोर, खिडकीच्या कट्ट्यावर, आईने आणून ठेवलेली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली दिसत होती. पांढऱ्या बुचाची.

"ऐकलंस?" बाबा कुजबुजले.

"बाबा, हे... असले व्हिडिओ काय, कोणीही करतं."

"मलाही तसंच वाटलं होतं. मी काय दुधखुळा आहे?" बाबा पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच निरीक्षकाचं तेज होतं. "एक खूण जुळली असती तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण लंगडं आसन. निवलेला चहा. खिडकीवरून दोन पंथ. एका भागात तर ज्येष्ठाची पत्नी त्याचे मोजे लपवते असं आहे! आता मोज्यांचं या घराबाहेर कोणाला माहीत आहे? मी वर्षभर तोलून पाहतोय सगळं. काटा एका बाजूलाच झुकतो. हे माझ्याबद्दल आहे. ते मला ओळखतात. ते मला बघतात."

आणि खरी पंचाईत अशी होती, की बाबांचं सगळं बरोबर होतं. पुराव्यात खोट नव्हती. कोणीतरी त्यांना खरोखरच फटीतून बघत होतं.

त्या दिवसापासून धाकट्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तो घरात नुसता फिरायला लागला. स्वयंपाकघरात जायचा, तिथे कशाला आलो ते विसरायचा, पेलाभर पाणी पिऊन परत यायचा. महिना पुढे सरकत होता, आणि बाबा खिडकीशी बसून, आतला दिवा लागण्याची वाट बघत, समोरच्या इमारतीला रोज थोडं कमी ओळखत होते. एके दिवशी त्यांनी चहात साखरेऐवजी रांगोळीसारखं काहीतरी पांढरं घातलं. ते मीठ निघालं, हे नशीब. पण ते प्यायले. कसं लागलं, विचारल्यावर म्हणाले, "पहिली पायरी कडूच असते." हेही धाकट्यानेच सांगितलेलं होतं.

शेवटी त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. बाबांना त्याने कपाटापाशी नेलं, दार उघडलं.

"बाबा, तो आवाज माझा आहे."

बाबांनी कपाटात बघितलं. बहुधा त्यांना कोट दिसले. "कुठला?"

"व्हिडिओतला. मी इथे बसून बोलतो. संशोधक लिहितो. आपला तो, गाद्यांच्या दुकानातला. आणि जे कमी पडतं ते मी भरतो. तुमच्याकडे बघून."

"बोल बरं त्या आवाजात."

धाकट्याने घसा साफ केला. "पण थांबा. गुपित अजून संपलेलं नाही."

बाबा इतके हसले की त्यांना बसायला खुर्ची लागली. "अरे, तुझा आवाज! तू परवा रिक्षावाल्याला थांब म्हणालास तर तो 'काय झालं बाळ' म्हणाला!"

तेव्हा धाकट्याने लॅपटॉप काढला, यंत्र दाखवलं, बारीक आवाजात बोलून त्याच वाक्याची विहीर करून ऐकवली. बाबांचं हसू थांबलं.  धाकट्याला वाटलं, सुटलो.

"म्हणजे त्यांनी तुला निवडलं," बाबा म्हणाले.

"कोणी?"

"ते निरोप्या असाच निवडतात. ज्याला स्वतःला काही कळत नाही असा. सांगितलंय त्यांनी. 'निरोप पोचवणाऱ्याला निरोप कळता कामा नये.'"

"ते मी सांगितलंय, बाबा!"

"तेच तर. तुला वाटतं तू सांगितलंस." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या प्रयत्नात. "मला वाटायचं हे पोर काही कामाचं नाही. कपाटात बसून काय करतं कोण जाणे. आज पहिल्यांदा तुझा अभिमान वाटला."

एकोणतीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं आलं. धाकटा कपाटात जाऊन, दार आतून लावून, ताडपत्रीवर बसून राहिला.

मग त्याने दुसरा उपाय केला. नव्या भागात संशोधकाचा मजकूर संपल्यावर सरळ, धडधडीत सांगून टाकलं, "मंडळाचा अखेरचा आदेश: ज्या ज्येष्ठांना मोतीबिंदू आहे त्यांनी या महिन्यात शस्त्रक्रिया करून घ्यावी. हा आजार आहे. तो बरा होतो."

बाबांनी कानात इअरफोनची बोंडं घालून ते ऐकलं. एकदा, दोनदा. मग बोंडं काढून ठेवली.

"बनावट," ते म्हणाले.

"काय?"

"शिक्का जुळत नाही. आजवर त्यांनी एक वाक्य सरळ बोललेलं नाही, आणि आज एकदम 'करून घ्यावी'? मी असली खोटी वजनं हजारदा पकडलीत. दिसायला तंतोतंत, पण हातात घेतलं की कळतं. आवाज त्यांचा आहे, माल त्यांचा नाही."

व्हिडिओखाली लोकांनीही हेच लिहिलं. "मंडळ विकलं गेलं." "दवाखानेवाल्यांनी आवाज पळवला." एकाने तर आवाजाच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून मेणबत्तीचं चित्र टाकलं होतं. संशोधकाचा फोन आला. तो गादीवरूनच बोलत होता, कारण मागे स्प्रिंगा वाजत होत्या.

"लेका, हे काय केलंस? एवढ्या वर्षांची गूढता एका वाक्यात घालवलीस!"

"माझ्या बापाचा डोळा जातोय."

स्प्रिंगा थांबल्या. "काकांचा? मग आधी नाही का सांगायचं. पण 'शस्त्रक्रिया' असा शब्द वापरतात का कोणी? निदान 'छेद' तरी म्हणायचं."

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. आई दुपारी जमिनीवर बसून मटार सोलत होती. धाकटा खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जात होता. तिसऱ्यांदा त्याचा पाय टरफलांच्या ढिगात गेला.

"बस की जरा एका जागी. पायाला भिंगरी लागलीय का?"

"आई, तुझ्या डोळ्यांचं झालं तेव्हा तुला भीती नाही वाटली?" आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं चार वर्षांपूर्वी झाली होती. धाकटा तेव्हा शिकायला बाहेर होता. बाबा सोबत गेले होते, पण त्यांनी सगळा वेळ दवाखान्याच्या दारातल्या वजनकाट्याशी भांडण्यात काढला होता.

"त्यात भ्यायचं काय? आदल्या दिवशी केस धुवायचे. तेल लावायचं नाही. अंगावरचं सगळं काढून ठेवायचं, अंगठी, घड्याळ, कानातलं. तिथे गेलं की चपला बाहेर. मग एक हिरवा झगा देतात, तो मागून बांधायचा, आणि डोक्याला टोपी. मग एक बाई येऊन विचारते, नाव काय, कोणता डोळा? सांगितलं. ती भुवईच्या वर पेनाने खूण करते. पुढच्या दारात दुसरी उभी. नाव काय, कोणता डोळा? म्हटलं, अहो आत्ताच सांगितलं की! पण नाही. प्रत्येक दारात तेच. तो मटार दे इकडे, तुझ्या पायाखाली आहे."

धाकटा थांबला होता. "मग?"

"मग काय. थेंब घालून अंधाऱ्या खोलीत बसवतात. शेजारी बाकीचे, सगळे झगेवाले, सगळ्यांच्या कपाळावर खुणा. बोलत कोणीच नाही. मग एकेकाला आत. आडवं करतात, तोंडावर कापड टाकतात, एकच डोळा उघडा. तोंडाला फडकं बांधलेला माणूस सांगतो, दिव्याकडे बघत राहा, हलू नका. तो दिवा असा मोठा मोठा होत जातो, आणि त्यात रंग पोहायला लागतात. मग डोळा बांधून घरी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, की..."

"की काय?"

"की आपल्या घरातल्या भांड्यांवर एवढे डाग आहेत हे कळतं."

धाकटा कपाटात गेला. या वेळी त्याने दार पूर्ण लावून घेतलं. फटीची गरज नव्हती.

त्याने आईचा शब्दन् शब्द सांगितला. भांड्यांचे डाग आणि मटार सोडून. काही वाढवलं नाही, काही प्राचीन केलं नाही. फक्त खर्जात, आणि जरा थांबत थांबत. "आदल्या दिवशी केस धुवावेत. तेल लावू नये. अंगावरचं सर्व उतरवावं. पादत्राणं बाहेर. हिरवं वस्त्र, मागून बांधलेलं. प्रत्येक दारात दोनच प्रश्न. नाव काय? कोणता डोळा?" संशोधकाने भाग त्याच संध्याकाळी टाकला आणि निरोप पाठवला, "तुझं आजवरचं सर्वोत्तम काम. हे सुचलं कुठून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बराच वेळ पाणी पडत होतं. बाबा बाहेर आले तेव्हा केसांतून साबणाचा वास येत होता. त्यांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, दोन्ही आईच्या हातात दिली.

"उद्या मला त्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन चला," ते म्हणाले. "का ते विचारू नका."

"नाही विचारत," आई म्हणाली.

दवाखान्याची बाहेरची खोली भरलेली होती. सगळे म्हातारे, सगळ्यांचे केस धुतलेले, कोणाच्या हातात अंगठी नाही. काही ऑपरेशनला आले होते, काही तपासायला, आणि एक जण, ज्याचे डोळे ठणठणीत होते, तो निघून जायला तयार नव्हता. काउंटरवरची बाई गोंधळून गेली होती. "एरवी मुलं ओढत आणतात हो यांना," ती धाकट्याला म्हणाली. "आज सगळे आपणहून. आणि चपला सगळ्यांनी रस्त्यातच काढल्यात."

भिंतीवर दवाखान्याचं भलंमोठं बोधचिन्ह होतं. त्रिकोण, आणि त्रिकोणात एक उघडा डोळा. बाबांना दाराजवळून ते दिसलं नाही, पण शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हरने कोपर मारून सांगितलं, आणि बाबांनी जवळ जाऊन, नाक टेकवून, ते पूर्ण पाहून घेतलं. मग परत येऊन सावकाश बसले. ड्रायव्हरने हळूच मान हलवली. बाबांनीही हलवली.

पहिल्या दारात नर्सने विचारलं, "नाव काय? कोणता डोळा?" बाबांनी असं खणखणीत उत्तर दिलं की नर्सने दचकून हातातलं पेन सावरलं. तिने भुवईच्या वर खूण केली. हिरव्या झग्यात बाबा एकदम लहान दिसायला लागले. नळीसारखे पाय, टोपीतून बाहेर आलेले कान.

अंधाऱ्या खोलीच्या दाराशी धाकट्याला थांबवलं. इथून पुढे रुग्णानेच जायचं. बाबा दोन पावलं गेले आणि वळले. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता. धाकट्याने तो धरला. हात थंडगार होता.

"आतमध्ये सुरी असते ना रे?" बाबा पुटपुटले.

धाकट्याला सगळं एकाच वेळी समजलं. वर्षभर तोललेले ते पुरावे, ते मंडळ, तो आतला दिवा. काट्याच्या दुसऱ्या पारड्यात एवढंच होतं. बाबांना भीती वाटत होती. आणि भिऊन नको म्हणण्यापेक्षा निवडले गेलो म्हणून नको म्हणणं निरीक्षकाच्या इतमामाला शोभणारं होतं.

खर्ज जवळ नव्हता. होता तो बारीक आवाज. "फार बारीक असते, बाबा. दिसत पण नाही. तुम्ही नुसतं दिव्याकडे बघायचं. तो मोठा होत जातो. रंग पोहतात त्यात."

"रंगांचं त्यांनी सांगितलं नव्हतं."

ते खरं होतं. शब्दन् शब्द सांगितला असं वाटलं होतं, तरी तेवढं राहून गेलं होतं.

"तुला कसं माहीत?"

"आईने सांगितलं. तिने पाहिलंय."

बाबांनी मान वळवली. खोलीच्या त्या टोकाला आई त्यांच्या चपला पिशवीत कोंबत होती. बाबा तिच्याकडे, म्हणजे त्या दिशेला दिसणाऱ्या धूसर ठिपक्याकडे, बघत राहिले.

"दोन्ही डोळ्यांनी?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"आणि चार वर्षं एका शब्दाने बोलली नाही," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि ते आत गेले.

मधला वेळ धाकट्याने त्या खोलीत किती फेऱ्या घातल्या ते काउंटरवरच्या बाईला विचारावं. तिने शेवटी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, का तर निदान एका जागी उभा तरी राहील.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाबांनी डोळा मिचकावला, पाणी गळालं, मग उघडला. प्रथम त्यांनी भिंत पाहिली.

"ही पांढरी आहे?"

"पहिल्यापासून," नर्स म्हणाली.

मग त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. बरोबर त्याच्याकडे, डावीकडे नाही. इतका वेळ पाहिलं की धाकटा चुळबुळायला लागला. "तुझ्या कानाजवळ पांढरे केस आलेत," ते म्हणाले. "आणि झोपत नाहीस तू. काय चाललंय तुझं?"

"काही नाही. ऑफिसचं काम," धाकटा म्हणाला.

डाव्या डोळ्याची तारीख बाबांनी स्वतः जाऊन घेतली. एकट्याची नाही. ड्रायव्हर, एक निवृत्त दंतवैद्य, एक शिवणयंत्रं दुरुस्त करणारे आणि ते ठणठणीत डोळ्यांचे गृहस्थ, ज्यांना डॉक्टरीणबाईंनी शेवटी शांतता हवी म्हणून वाचायचा चष्मा दिला होता, असे सगळे मिळून एकाच दिवशी जाणार होते. आणि त्याची काय ती तयारी करायला हे लोक आता दर रविवारी सकाळी घरी यायला लागले. बाबा धरून पाच जण, काळे चष्मे लावून, बाहेरच्या खोलीत. दार लावून.

पहिल्या रविवारी धाकटा सहज आत बसायला गेला, तर बाबांनी बोलणं थांबवलं. सगळेच थांबले. पाच काळे चष्मे त्याच्याकडे वळले.

"तू जरा बाहेर बस," बाबा मायेने म्हणाले. "तुझ्यासाठी नाहीये हे."

"पण बाबा, मीच तर..."

"हो, हो. निरोप्याचे आम्ही आभारी आहोत," दंतवैद्य म्हणाले.

आई मात्र बिनदिक्कत आत गेली. तिला पाहून पाचही जण उठून उभे राहिले. "बसा हो, बसा," ती म्हणाली, आणि तिच्यामागे दार लागलं.

धाकटा बाहेर येरझाऱ्या घालायला लागला. आतून बाबांचा आवाज येत होता, संथ, मधे मधे थांबत. शब्द कळत नव्हते. मग आईचा. मग सगळ्यांचा मिळून एकच मोठा श्वास, कुणीतरी काहीतरी महत्त्वाचं सांगितल्यावर येतो तसा. मग बाबांचं हसणं. घरात असं हसणं त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. काय बोलत असतील? थेंबांच्या वेळा? मोजे? एवढं हसण्यासारखं काय असतं? आयुष्यात दडवलेल्या ज्ञानाबद्दल इतकं बोलून झालं होतं, पण ते दडवलेलं असतं म्हणजे नेमकं कसं वाटतं, हे त्याला आत्ता कळत होतं. तळपायांना मुंग्या येत होत्या.

फोन वाजला. संशोधक. त्याने तो कापला.

मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने सात कप चहा केला, ट्रेमध्ये मांडला आणि दारावर टकटक केली. आतलं बोलणं थांबलं. दार उघडलं ते निवृत्त बसड्रायव्हरने, उघडलं तेही ट्रे मावेल एवढंच. धाकट्याने त्याच्या खांद्यावरून आत बघण्याचा प्रयत्न केला. खांदा रुंद होता.

"काका, मी नुसता कोपऱ्यात बसतो. बोलणार नाही."

ड्रायव्हरने काळा चष्मा कपाळावर सरकवला. धाकट्याची हनुवटी दोन बोटांत धरून त्याने त्याचं तोंड उजेडाकडे केलं, एक डोळा निरखला, मग दुसरा. आतून बाबांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"आत यायचं म्हणतोय," ड्रायव्हर म्हणाला. "पण काचेसारखे स्वच्छ आहेत हो अजून. पिकायला पुष्कळ वर्षं लागतील."

त्याने ट्रे घेतला, त्यातला एक कप मोजून धाकट्याच्या हातात परत दिला, आणि दार लावून घेतलं.